धोंडीचे वाल आणि माझा टार्ट

जो पदार्थ आधी ओझ्याखाली दाबून भाजावा लागतो, त्याच्यात मूळचीच काहीतरी खोट असणार, एवढं मला कळायला हवं होतं. आपली पुरणपोळी बघा. तव्यावर टाकली की टम्म फुगते आणि फुगली म्हणून करणारणीचं कौतुक होतं. टार्ट फुगला तर मात्र गुन्हा. तो फुगू नये म्हणून त्याच्या उरावर कडधान्य ठेवायचं, मग भाजायचं, मग कडधान्य काढायचं आणि उरलेल्या खड्ड्यात फळं भरायची. एवढं सगळं करून जे तयार होतं, ते चवीला मऊ पडलेल्या शंकरपाळ्यासारखं लागतं. आमच्या सूनबाई केतकीच्या मते ही "अगदी सिंपल रेसिपी" आहे.

मी भिवपुरीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालो. मुंबईचे दिवे आमच्या जिवावर लागायचे, असं मी लोकांना सांगतो. हे स्टोअर्समध्ये होते, असं आमची सुंदरा लोकांना सांगते. निवृत्तीनंतर आम्ही कर्जतला, भिसेगावात, 'उल्हासतीर' नावाच्या सोसायटीत फ्लॅट घेतला. तीरावरून नदी दिसत नाही, समोरच्या इमारतीची वाळत घातलेली धुणी दिसतात. पण तो विषय वेगळा.

विषय आहे आमच्या नातीचा. तिचं नाव अनायशा. हे नाव कोणी ठेवलं, कुठून आणलं आणि ते हाक मारायला आहे की फक्त पत्रिकेवर छापायला, हे मी विचारलेलं नाही. मी तिला 'बाय' म्हणतो, आमच्याकडे पोरीला तेच म्हणतात. वय पावणेतीन. राहणं बंगळूरला. मे महिन्यात आईबरोबर आली होती. मुलगा आला नव्हता, त्याची कंपनी त्याच्यावाचून बुडते.

तर ही आमची बाय मला 'अंकल' म्हणायची. तिकडे त्यांच्या सोसायटीत जो कोणी पुरुष लिफ्टमध्ये भेटेल तो अंकल. त्याच हिशेबाने आमचा वॉचमन अंकल, दूधवाला अंकल आणि मीही अंकल. डोंबिवलीचे आमचे व्याही मात्र 'आबा'. ते निम्मं वर्ष बंगळूरलाच तळ ठोकून असतात, कागदाचे बेडूक करतात आणि घोडा होऊन दिवाणखान्यात फिरतात. एका सेवानिवृत्त उपमुख्याध्यापकाने घोडा व्हावं याचं मला काही नाही. पण मी तिच्या बापाचा बाप. मला ते अंकल फार लागलं. "आजोबा म्हण," असं मी तिला रोज शिकवायचो. ती लक्ष देऊन ऐकायची आणि म्हणायची, "ओके अंकल."

त्यात तिच्या शाळेने सुट्टीचा उद्योग दिला. पावणेतीन वर्षांच्या पोरांची शाळा आणि तिला सुट्टी, हाच मुळात एक विनोद आहे. उद्योग असा की, आजीआजोबांपैकी कोणाबरोबर तरी मुलाने एक पदार्थ बनवायचा आणि त्याचा व्हिडिओ पाठवायचा.

"रविवारी आबा येतायत ना," केतकी म्हणाली, "ते करतील तिच्याबरोबर. बाबा, तुम्हाला कशाला त्रास?"

"मी करतो," मी म्हणालो.

"तुम्ही?" असं केतकी आणि सुंदरा एकदम म्हणाल्या. सासूसुनांचं एवढं एकमत मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

पदार्थ केतकीने सुचवला, टार्ट, आणि शुक्रवार ठरला. त्या दिवशी सुंदरा आणि केतकी शेलूला साखरपुड्याला जाणार होत्या. घरात मी आणि बाय, दोघंच. टार्ट करायचा, व्हिडिओ काढायचा आणि तेवढ्या वेळात तिच्या तोंडून 'आजोबा' वदवून घ्यायचं. रविवारी व्याही उंबऱ्यात चप्पल काढत असतानाच तिने मला आजोबा म्हणून हाक मारावी, असं साधारण चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं.

सकाळी बायला घेऊन फळं आणायला खाली गेलो. आमच्या कोपऱ्यावर वाडीवरची बुधी करवंदं घेऊन बसते. मी पानाचे चार द्रोण मागितले तर तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"एवढी कशाला रं बाबा?"

"टार्ट करायचाय. केकसारखं असतं."

"केकात करवंदा?" बुधी शेजारच्या भाजीवालीला म्हणाली, "आयकलंस का गं? पिकली करवंदा भाजायची म्हनतो." आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मला म्हणाली, "तशीच खा. पोरीला बी तशीच दे." पोरीला द्यायची वेळ गेली होती. एक द्रोण तिने तिथेच संपवला होता आणि तोंड जांभळं करून ती बुधीच्या लुगड्याला हात पुसत होती.

घरी येऊन ओव्हन उघडला. ओव्हन आमच्याकडे चार वर्षांपासून आहे. मुलाने दिवाळीला पाठवला, तेव्हापासून तो कपाट म्हणून उत्तम चाललेला आहे. आतून दोन कढया, बिडाचा तवा, चकलीचा सोऱ्या, एक झाकण ज्याचं भांडं हरवलंय आणि एक भांडं ज्याचं झाकण हरवलंय, असा ऐवज निघाला. ते दोन्ही एकमेकांचे असतील असं वाटून लावून पाहिलं. नव्हते. ओव्हनबरोबर आलेलं केकचं खोल भांडंही सापडलं. सुंदरा त्यात लसूण ठेवते.

मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि कामाला लागलो. मैदा, लोणी, पिठीसाखर. लहान मुलाला पीठ मळायला दिलं की त्याच्या बोटांचा विकास होतो, असं केतकी सांगते. विकास झाला. बोटांचा, कोपरांचा, केसांचा आणि स्वयंपाकघराच्या पडद्याचाही झाला. पोरीने कच्चा गोळा निम्मा खाल्ला. उरलेला मी भांड्यात थापला. त्याच्यावर कागद घाला, असं केतकीने लिहून पाठवलं होतं. कोणता कागद, ते नव्हतं. मी कालचा पेपर घातला.

त्या कागदावर ठेवायला कडधान्य हवं होतं. राजमा, असं केतकीने लिहिलेलं. राजमा हे काही आमच्या घरात ठेवण्यासारखं धान्य नाही. वरच्या फळीवर स्टीलच्या मोठ्या डब्यात वाल होते.

इथे ह्या वालांबद्दल सांगायला पाहिजे. धोंडी म्हणजे सुंदराचा धाकटा भाऊ, खालापूरला शेती करतो. भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल टाकतो आणि दरवर्षी होळीनंतर बहिणीला तिच्या वाट्याचे आणून देतो. आमच्या घरात धोंडीच्या वालांना जो मान आहे, तो मला नाही. ते आले की सुंदरा आधी त्यांना ऊन दाखवते, मग मला चहा. "आमच्या धोंडीच्या वालाला दाण्यागणिक मोड येतो," असं ती बत्तीस घरांत सांगून आली आहे. आलेल्या पाहुण्याला त्याच वालांचं बिरडं. भिजवायचे, फडक्यात बांधायचे, मोड आले की दोन तास बसून एकेक सोलायचा. सोलायला मी.

मला दोन मुठी वाल पुरले असते. पण मी डबा खाली घेतला आणि बायच्या हातात एक वाटी दिली. तिने वाटीभर वाल भांड्यात ओतले. खळखळ असा आवाज झाला. ती थबकली, माझ्याकडे पाहिलं आणि हसली. आल्यापासून दहा दिवसांत माझ्याकडे बघून हसली ती तेव्हा पहिल्यांदा.

"अजून?" ती म्हणाली.

"अजून," मी म्हणालो.

पुन्हा खळखळ, पुन्हा हसू. त्या क्षणी घरात पोतं असतं तर मी पोतं ओतू दिलं असतं. डबा रिकामा झाला. भांडं शिगोशीग भरलं.

"आता म्हण बघू, आजोबा."

"अजून, अंकल."

मी भांडं ओव्हनमध्ये सरकवलं आणि बटण फिरवलं. आतला दिवा लागला. बाहेरचे सगळे गेले.

सगळे म्हणजे आमच्या विंगचे. पंप चालू होता, कोणाचा तरी एसी चालू होता, त्यात माझा ओव्हन. दोन मिनिटांत जिन्यात सभा भरली. आमच्या सेक्रेटरी हर्षलाबाई नळाखालून साबणाच्या तोंडाने आल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या शिस्तीला वेगळीच धार होती.

"ठोंबरेकाका, ओव्हन लावायचा तर कमिटीला आधी कळवावं लागतं. ठराव झालाय तसा."

"टार्ट भाजायला ठराव?"

"पंपाच्या वेळेत आम्ही इस्त्रीसुद्धा लावत नाही. आणि तुम्ही तर वीजकेंद्रात होतात म्हणता."

"स्टोअर्समध्ये," दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी म्हणालं. ही बातमी सुंदराने तिथपर्यंत पोचवलेली आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मी म्हणालो, मीटरखोलीची किल्ली द्या, फ्यूज मी घालतो. ठरावाप्रमाणे मीटरखोलीला फक्त सोसायटीचा वायरमन हात लावणार होता. वायरमन नेरळला लग्नात जेवत होता. तो जेवल्यावर निघणार होता. लग्नात जेवलेला माणूस कधी निघतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण ठराव तो ठराव. मुंबईला वीज पाठवणाऱ्या माणसाने आपल्याच जिन्यात काळोखात उभं राहून उपदेश ऐकावा, ह्याला दैव म्हणतात.

शेवटी हर्षलाबाईंनीच तोड काढली. "कमालभाईंच्या बेकरीत न्या ना. सगळी गल्ली नेते."

खरंच नेते. मे महिन्यात आमच्याकडच्या बायका घरून नानकटाईचं सामान बेकरीत नेतात आणि कमालभाईंच्या भट्टीतून पत्र्याचे डबे भरून घरी आणतात. सकाळचे पाव निघाले की भट्टी उतरत्या आचेवर असते, तेव्हा ही नानकटाई लागते. मी खांद्याला करवंदांची पिशवी लावून, एका काखेत बाय आणि एका काखेत वालांनी भरलेलं भांडं घेऊन बेकरीच्या रांगेत उभा राहिलो. रांगेत सगळ्या बायका. सगळ्यांचे ट्रे कसे नीटनेटके, एकेका गोळ्यावर चारोळी लावलेली.

"काका, हे काय, वालाची नानकटाई?" पुढच्या बाई म्हणाल्या.

मी टार्ट समजावून सांगितला. रांगेचं समाधान झालं नाही. एक म्हणाली, रवा घालायला हवा होता. दुसरी म्हणाली, डालडा. तिसरीने बायचा गाल ओढून विचारलं, "कोणाबरोबर आलीस गं? आजोबांबरोबर? हे आजोबा का तुझे?" बायने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बोट तोंडात घातलं. मी वाट बघत राहिलो. बोट बाहेर आलंच नाही.

कमालभाई हा माणूस मनाने चांगला, पण त्याला जगातली प्रत्येक वस्तू नानकटाई करून टाकायची आहे. भांडं बघून तो म्हणाला, "ठोंबरेसाहेब, मी सांगू? वेलची टाका, गोळे करा, मस्त नानकटाई होईल. ह्ये कशाला?"

"कमालभाई, हे आहे तसं भाजा."

"भाजतो की. आपल्याला काय." त्याने लांब दांड्याने भांडं आत सरकवलं. "पन ह्ये वाल मग काय करनार?"

"काय म्हणजे? काढून परत डब्यात. बिरड्याला."

 चारोळीवाल्या बाई माझ्याकडे, एखाद्याच्या घरी काहीतरी वाईट झाल्यावर बघतात तशा बघायला लागल्या.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "भाजलेला वाल मेला की हो. त्याला आता मोड कसला येतोय?"

भट्टीसमोर उभा होतो तरी मला घाम फुटला तो गार होता. धोंडीचे वाल. डबाभर. वर्षाचे. "बाहेर काढा," मी ओरडलो. पण भट्टीत खोलवर गेलेलं भांडं काढायचं तर आधी पुढचे तीन ट्रे काढायला हवे होते आणि ते काढू द्यायला तीन बायका तयार नव्हत्या. माझे वाल आणि माझी अब्रू नानकटाईच्या मागे सावकाश भाजत राहिली.

टार्टाचं थोडक्यात सांगतो, कारण त्याची लायकी तेवढीच आहे. वाल काढले तेव्हा पेपर पिठाला चिकटला होता. तो सोलला तर 'वधू पाहिजे'च्या जाहिराती टार्टावर उलट्या उमटलेल्या. त्यावर करवंदं ओतली, पुन्हा भट्टीत. करवंदांनी रस सोडला आणि त्यातले सगळे वधूवर बुडाले. बाहेर आला तो पदार्थ कमालभाईंनी सुरीने कापून पाहिला, मग पाव कापायच्या सुरीने कापून पाहिला. बायला तुकडा दिला. तिने तो परत माझ्या खिशात ठेवला. "अंकल, घरी चल," म्हणाली. कमालभाई आणि मी, दोघांनीही मान वळवली.

घरी येऊन मोबाईल पाहिला. व्हिडिओत सुरुवातीला थोडं छत होतं आणि नंतर साखरेचा डबा.

वाल मी डब्यात परत भरले. दिसायला काही फरक नव्हता. वाल हे धान्यच असं आहे, की जन्मतःच भाजल्यासारखं दिसतं. शनिवारी सकाळी बाजारात जाऊन दुसरे आणायचे आणि गुपचूप बदलायचे, असा माझा बेत होता. पण सुंदरा शेलूहून आली ती पदर खोचूनच. "रविवारी व्याही येतायत, बिरडं करते," म्हणाली आणि लुगडं बदलायच्या आधी तिने वाल भिजत घातले.

मी सांगणार होतो. अगदी जिभेवर होतं. पण ती फळी पुसता पुसता म्हणाली, "धोंडीचे वाल आहेत, व्याह्यांनाही कळू दे," आणि मी ठरवलं की थोडं थांबावं. शनिवारी वाल फडक्यात बांधले गेले. मी त्या गाठोड्याला उगीचच दोनदा नमस्कार केला.

रविवारी सकाळी सुंदराने गाठोडं सोडलं. एकाही दाण्याला मोड नव्हता. वर कुबट वास. तिने गाठोडं तळापर्यंत चाळून पाहिलं. मग तिने धोंडीला फोन लावला.

"जुनं बी दिलंस होय रे बहिणीला? व्याही यायच्या दिवशी माझं हसं केलंस?"

धोंडी काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण तासाभरात तो मोटारसायकलवर मागे अख्खं पोतं बांधून आमच्या दारात हजर झाला. नेमके त्याच्यामागोमाग डोंबिवलीचे व्याही आणि विहीणबाई. दिवाणखान्यात मधोमध पोतं, एका बाजूला धोंडी, एका बाजूला सुंदरा. बाय आबांच्या मांडीवर.

"आक्का," धोंडी पोत्यावर हात ठेवून म्हणाला, "आज्यापास्नं वाल करतो आमी. कोनी म्हनलं नाय मोड येत नाय. आन् तू माजी बहीन म्हनतेस? ह्यो घे, ह्या पोत्यातला टाक भिजत. नाय आला मोड, तर परत ह्या उंबऱ्यात येनार नाय मी."

"नको येऊस," सुंदरा म्हणाली आणि लगेच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आत वळली, पण गेली नाही.

व्याह्यांनी त्यात उडी घेतली. मोड न आलेला एक दाणा चिमटीत धरून, चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "हा हवामानबदलाचा परिणाम आहे. कोकणातली जमीन आता बदलते आहे." ह्या गृहस्थांनी आयुष्यात शेत पाहिलं असेल तर ते डोंबिवलीहून कर्जतला येताना खिडकीतून. धोंडी त्यांच्याकडे असा बघायला लागला की मलाच भीती वाटली.

आता बोललं पाहिजे, हे मला कळत होतं. धोंडी साधा माणूस आहे. त्याने मला कधी दाजी सोडून काही म्हटलं नाही. आणि माझ्या एका टार्टापायी तो बहिणीचं घर सोडून चालला होता. मी घसा खाकरला. तेवढ्यात बाय आबांच्या मांडीवरून घसरून खाली उतरली, तुरुतुरु चालत आली आणि माझ्या लेंग्याला धरून उभी राहिली. सगळ्यांकडे बघून ती मोठ्याने म्हणाली, "आजोबांनी वाल भाजले. भट्टीत. मी ओतले."



"कोणाच्या आजोबांनी गं?" व्याही हसत म्हणाले.

"माझ्या," ती म्हणाली, आणि कोणाच्या मनात काही शंका राहू नये म्हणून तिने माझ्या गुडघ्यावर बोट ठेवलं.

सुंदरा वळली. डोळे पुसायचे राहिले होते, ते तसेच ठेवून ती माझ्याकडे बघायला लागली. धोंडीने पोत्यावरचा हात काढला. "दाजी?" तो म्हणाला, आणि त्या एका शब्दात त्याने जे भरलं होतं, ते मी इथे उलगडून सांगत नाही. केतकी तोंडावर हात धरून उभी होती. विहीणबाई व्याह्यांकडे बघत होत्या आणि व्याही हातातला दाणा कुठे ठेवावा ह्या विचारात होते.

"अहो, खरं आहे का हे?" सुंदराने विचारलं.

मला खाली बघायला हवं होतं. मान झुकवायला हवी होती, धोंडीचे पाय धरायला हवे होते. पण मला हसू आवरेना. मी तिथेच जमिनीवर, पोत्याशेजारी, फतकल मारून बसलो आणि पोरीला जवळ घेतलं.

"परत सांग, बाय," मी म्हणालो. "सगळ्यांना ऐकू जाऊ दे. वाल कोणी भाजले?"

"आजोबांनी!" ती ओरडली.